हरितगृहाची अर्धी राहिलेली गोष्ट



गेल्या पावसाळ्यात एकदा कोथिंबिरीची जुडी चाळीस रुपयांना आणली आणि घरी येऊन सोडून पाहिली तर आतून निम्मी सडकी. सौ.ने ती ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "जन्मभर पोरांना जगाचा इतिहास शिकवलात. आता परसात चार काड्या कोथिंबीर पिकवून दाखवा."

आव्हान मोठे होते. आमच्या तळेगावचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना कळेल. जून-जुलैत वाफ्यात धणे टाकले की तिसऱ्या दिवशी ते शेजाऱ्याच्या अंगणात वाहून गेलेले सापडतात. तेव्हा डोक्यावर काहीतरी पारदर्शक छप्पर हवे, आणि ते पेन्शनीत बसले पाहिजे. थोडक्यात, एक छोटेसे हरितगृह बांधायचे. मी वही घेतली, पट्टी घेतली आणि पुतण्याला फोन केला. तो जवळच, मावळातल्या आमच्या मूळ गावी असतो. त्याला या कामातले माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते. मात्र ते ज्ञान त्याला फार महाग पडले आहे, आणि त्यात माझाही थोडा हात आहे. आज तेच लिहायचे आहे.

२०१६ साली पुतण्याने पॉलिहाऊस काढायचे ठरवले. जरबेराची फुले, पुण्याची बाजारपेठ जवळ, सरकारी अनुदान, बाकी बँकेचे कर्ज. दहा गुंठ्यांवर करावे की वीस, यावर घरात खल चालला होता. थोरला भाऊ हयात नाही, म्हणून वहिनींनी मला बोलावून घेतले. "भावजी, तुम्ही शिकलेले आहात, तुम्ही सांगा." मला शेतीतले काय कळते? मला गोष्टी सांगता येतात. ओट्यावर बसून मी त्याला जोसेफ पॅक्स्टनची गोष्ट सांगितली. वर्गात औद्योगिक क्रांती शिकवताना हमखास रंगणारी ही माझी हातखंडा गोष्ट. ती अशी :

पॅक्स्टन इंग्लंडमधल्या एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८०३ चा. तेविशीही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, म्हणजे १८२६ साली, ड्यूक ऑफ डेव्हनशायरने त्याला आपल्या चॅट्सवर्थच्या बागेचा मुख्य माळी नेमले. गडी पहाटे साडेचारला तिथे पोहोचला. फाटक बंद. मग भिंतीवरून चढून आत गेला, सगळी बाग पायाखाली घातली, सहा वाजता माणसांना कामाला लावले, आणि नऊ वाजायच्या आत घरव्यवस्था पाहणाऱ्या बाईंच्या भाचीच्या प्रेमातही पडला! (इथे वर्ग हसायचा. पुतण्याही हसला.)

या माळ्याने पुढे लाकूड आणि काच यांचे एक अवाढव्य उष्णगृह बांधले, 'ग्रेट स्टोव्ह' नावाचे. १८३६ ते १८४० ही चार वर्षे काम चालले. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट, उंची ६७ फूट. राणी व्हिक्टोरिया १८४३ मध्ये पाहायला आली तेव्हा तिची बग्गी त्याच्या आतून फिरली. मग १८४९ च्या नोव्हेंबरात त्याने दक्षिण अमेरिकेतले महाकमळ चॅट्सवर्थला फुलवले. त्याचे पान एवढे भक्कम की पॅक्स्टनने आपल्या लहान मुलीला त्यावर उभे करून दाखवले. त्या पानाच्या मागच्या शिरांची रचना पाहून छप्पर कसे पेलायचे याची कल्पना आपल्याला सुचली, असे तो सांगे. दोनच वर्षांनी, १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी, याच माळ्याने क्रिस्टल पॅलेस उभा केला. अठराशे फुटांहून लांब, जवळजवळ तीन लाख काचा, आणि सगळे काही महिन्यांत. ना तो इंजिनिअर, ना वास्तुविशारद. राणीने त्याला 'सर' केले.

गोष्ट संपवून मी पुतण्याला म्हणालो, "करायचेच तर मोठे कर. लहान करून कोणी नाव काढले नाही."

त्याने वीस गुंठे केले.

पहिली दोन-तीन वर्षे बरी गेली. लग्नसराईत दर चढायचा, पितृपक्षात पडायचा, पण हप्ते निघत होते. मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदीत लग्ने बंद, मंदिरे बंद, फूलबाजार बंद. फुले तोडली नाहीत तर झाड बिघडते, म्हणून तोडायची आणि खड्ड्यात टाकायची. आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. अलिबागच्या बाजूने चढलेले ते वादळ मावळातून गेले तेव्हा पुतण्याच्या छपराला एके ठिकाणी आधीच फाट होती. प्लॅस्टिकचा कागद उन्हाने तीनेक वर्षांत कुजत येतो, तो २०१९ मध्ये बदलायला हवा होता. पैसे नव्हते म्हणून पुढच्या हंगामावर ढकलला होता. विम्याचा हप्ताही त्याच कारणाने राहिला होता. फाटेतून वारा आत शिरला, छप्पर आतून फुगले आणि पुढच्या तासाभरात पाईप वाकून जमिनीला टेकले.

मी दुसऱ्या आठवड्यात पाहायला गेलो. माझ्या तोंडून शब्द फुटेना. पुतण्याच म्हणाला, "काका, वादळ काय तुम्ही आणलंत का?"

वादळ मी आणले नव्हते हे खरे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पॅक्स्टनची गोष्ट मी त्याला अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी मला ठाऊक होती. ती वर्गात रंगत नसे म्हणून मी कधीच कोणाला सांगितली नव्हती. ती आता सांगतो.

ग्रेट स्टोव्ह बांधायला तेहतीस हजार पौंडांच्या वर खर्च आला, हे पुस्तकांत असते. पण तो चालवायचा कसा? आतली उष्ण प्रदेशातली झाडे इंग्लंडच्या थंडीत जगवायला जमिनीखाली आठ बॉयलर होते आणि सुमारे सात मैल लांबीचे गरम पाण्याचे नळ. कोळसा आणायला भुयारातून छोटी रुळवाट होती. ड्यूककडे पैसा होता तोवर भट्ट्या पेटत्या राहिल्या. पहिल्या महायुद्धात कोळसा आणि माणसे दोन्ही मिळेनाशी झाली. झाडे मेली. शेवटी १९२० साली ते उष्णगृह सुरुंग लावून पाडले. बांधणी इतकी पक्की की पहिल्या सुरुंगाला ते पडलेही नाही. म्हणजे बांधकाम फसले नव्हते. बांधायचा खर्च सगळ्यांनी मोजला होता, कोळशाचा हिशेब मात्र कोणी शेवटपर्यंत केला नव्हता.

पुतण्याच्या पॉलिहाऊसमधला कोळसा म्हणजे तो प्लॅस्टिकचा कागद. दर तीन वर्षांनी बदलावा लागणारा. उभारणीच्या अंदाजपत्रकात तो एकदाच धरलेला होता.

पॅक्स्टनच्या गोष्टीत आणखी एक गोष्ट मी गाळत असे. इंग्लंडमध्ये १७४५ च्या कायद्याने काचेवर वजनावर कर बसवला होता आणि तो थेट १८४५ साली उठला. म्हणजे शंभर वर्षे काचघर ही फक्त सरदार-उमरावांची चैन होती. कर उठल्यावर काच स्वस्त झाली, म्हणून तर १८५१ चा काचमहाल परवडला. आणि नाव झाल्यावर, १८५८ मध्ये, पॅक्स्टनने एका अगदी साध्या काचघराचे पेटंट घेतले. काचेच्या तयार चौकटी एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, हव्या तेव्हा काढून दुसरीकडे न्यायच्या. जाहिरातीत त्यांना 'लाखो लोकांसाठी उष्णगृहे' अशा अर्थाचे नाव होते. राजवाड्याएवढे काचघर बांधणारा माणूस अखेरीस छोट्या परसांसाठी काचघर विकायला लागला. ही गोष्ट ओट्यावर सांगितली असती तर? असो.

आता प्रश्न असा की, काच नसेल तर हरितगृह होतच नाही का? इथे मला माझी आणखी एक चूक कबूल करायची आहे. आमच्या शाळेत भूगोलाचे तास कित्येकदा माझ्याकडे यायचे. "काच ऊन आत येऊ देते, पण उष्णता बाहेर जाऊ देत नाही, म्हणून काचघर गरम राहते," असे मी वर्षानुवर्षे फळ्यावर चित्र काढून शिकवले. निवृत्तीनंतर वाचनात आले की आर. डब्ल्यू. वुड नावाच्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९०९ सालीच याची परीक्षा घेतली होती. त्याने दोन पेट्या केल्या. एकीवर काच, दुसरीवर सैंधवासारख्या खनिज मिठाची पारदर्शक पाटी. मिठातून उष्णतेचे किरण सहज बाहेर जातात. तरीही दोन्ही पेट्या जवळजवळ सारख्याच तापल्या! म्हणजे काचघराच्या उबेचे मुख्य कारण, आत तापलेली हवा वर उडून जात नाही, एवढेच. (यावरून पृथ्वीची तापमानवाढ खोटी, असा अर्थ कृपया कोणी काढू नये. वातावरणातले वायू उष्णतेचे किरण खरोखरच अडवतात. 'हरितगृह परिणाम' हे नाव तेवढे चुकीच्या घरावरून पडले आहे.)

हे कळले आणि जुन्या इतिहासातल्या काही गोष्टींचा उलगडा झाला. रोमन सम्राट तिबेरियसला काकडीच्या जातीचे एक फळ रोज ताटात लागे. प्लिनी लिहितो की त्याचे माळी चाकांवर वाफे करत, उन्हात बाहेर ढकलत, आणि थंडीत पारदर्शक दगडाच्या पातळ पापुद्र्यांखाली घेत. काच नाही, पण हवा अडली. इ.स. १४५० च्या सुमारास कोरियाच्या दरबारातील जॉन सुन-उइ या वैद्याने 'सानगा योरोक' नावाचा ग्रंथ लिहिला. हा ग्रंथ २००१ मध्ये उजेडात आला. त्यात हिवाळ्यात भाजी पिकवायच्या घराची कृती दिली आहे : तीन बाजूंना मातीच्या भिंती, जमिनीखालून चुलीच्या धुराची ऊब, आणि दक्षिणेच्या तिरक्या खिडक्यांना तेल पाजलेला कागद. कागद! युरोपातल्या राजांनी संत्र्यांसाठी दगडी महाल बांधायच्या आधीच कोरियात कागदाखाली भाजी होत होती.

आणि मग येतो या गोष्टीतला माझा आताचा आवडता माणूस. एमरी एमर्ट. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात बागायतीचे प्राध्यापक. प्रयोगासाठी काचघर हवे होते आणि पैसे नव्हते. १९४८ साली त्यांनी लाकडी सांगाडा ठोकला आणि त्यावर सेलोफेन, म्हणजे मिठाईच्या खोक्यावर असतो तसा चकचकीत कागद, ताणून बसवला. झाले हरितगृह. पुढे सेलोफेनच्या जागी पॉलिथिन आले. हे पॉलिथिनही मुळात शेतीसाठी जन्मलेले नाही. १९३३ मध्ये इंग्लंडच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत भलत्याच प्रयोगातून ते हाती लागले आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवर वेष्टण म्हणून वापरले गेले. युद्ध संपल्यावर ते स्वस्त झाले आणि एमर्ट यांच्यासारख्यांनी ते शेतात नेले. आज मावळात जी पांढरी छपरे दिसतात, त्यांचा मूळपुरुष हा प्राध्यापक. पण आम्हाला अभ्यासक्रमात क्रिस्टल पॅलेस होता, एमर्ट नव्हते.

स्वस्त म्हणजे सगळे चांगलेच, असेही नाही. स्पेनमधल्या आल्मेरियात १९६० च्या दशकात द्राक्षमांडवाच्या तारांवर प्लॅस्टिक टाकून सुरुवात झाली. आता तिथे तीस हजार हेक्टरांच्या वर प्लॅस्टिकच प्लॅस्टिक आहे, उपग्रहातून पांढरा डाग दिसतो. गरीब भाग सधन झाला. पण भूजल खाली गेले, फाटक्या प्लॅस्टिकचे डोंगर झाले, आणि त्या छपरांखाली परदेशातून आलेले मजूर हलाखीत राबतात. कोळशाचा हिशेब कुणाला तरी चुकवावाच लागतो.

हे सगळे वाचून मी माझ्या परसाकडे वळलो. पुतण्या पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, आधी ठरवा, पीक कशापासून वाचवायचंय?" वाक्य साधे, पण सगळ्या नियोजनाचे मूळ. इंग्लंडचा शत्रू थंडी. लेहमध्येही थंडीच. तिथे आपल्या संरक्षण संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेने खंदकातली हरितगृहे रुजवली. जमिनीत तीनेक फूट खोल चर खणायचा, वर वासे आणि पॉलिथिन. मातीच भिंत होते आणि मातीच ऊब राखते. आमच्याकडे मात्र थंडी हा शत्रूच नाही. पावसाचा मारा आणि मे महिन्याचे ऊन हे आमचे शत्रू. बंदिस्त घर केले तर कोथिंबिरीचा काढा होईल! म्हणून छप्पर तेवढे प्लॅस्टिकचे आणि चारी बाजूंना जाळी, हवा खेळती राहील अशी.

माप दहा फूट बाय पंधरा. अरुंद बाजू पश्चिमेला, कारण पावसाळी वारा तिकडून येतो, त्याला कमीत कमी अंग दाखवायचे. बांबूची बुडे डांबरात बुडवून, पीव्हीसी पाईपच्या तुकड्यांत काँक्रीटने उभी केली, नाहीतर वाळवी वर्षभरात फडशा पाडते. वर चिरलेल्या कांबींच्या कमानी. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधणी. छपराचा कागद पुतण्याने आणला. वादळात वाचलेला, त्याच्याच पॉलिहाऊसचा एक तुकडा. धुऊन, पुसून, घडी करून ठेवला होता. दोघांनी तो वारा नसलेल्या सकाळी ताणून बसवला. त्या वेळी फारसे कोणी बोलले नाही.

हिशेब असा : बांबू १६ नग २४०० रुपये, शेडनेट १८००, पाईपचे तुकडे ६००, सिमेंट २००, तार-खिळे-डांबर २५०, बांबूकाम करणाऱ्या कारागिराची दोन दिवसांची मजुरी १४००. एकूण ६६५० रुपये. पहिल्याच वळवात कांबींच्या मधे पाण्याचा मोठा फुगा साचला आणि मला मध्यरात्री खुर्चीवर उभे राहून काठीने तो वर ढकलावा लागला. (सौ. टॉर्च धरून उभी होती. तिचे उद्गार इथे देत नाही.) दुसऱ्या दिवशी कारागिराने दोन कांबी जास्त घातल्या, त्याचे पैसे त्याने घेतले नाहीत.

वहीच्या पहिल्या पानावर हा खर्च लिहिला आणि उलटून दुसऱ्या पानावर मथळा दिला : 'कोळसा'. त्याखाली लिहिले : छपराचा कागद जुनाच आहे, जास्तीत जास्त वर्षभर टिकेल, नवा घ्यावा लागेल. मग दर तीन वर्षांनी नवा. जाळी पाच वर्षांनी. बांबू पाहून. या सगळ्यासाठी दरमहा शंभर रुपये स्वयंपाकघरातल्या जुन्या चहाच्या डब्यात. ते ज्या महिन्यापासून जमणार नाहीत, त्या महिन्यात छप्पर उतरवून ठेवायचे, वाऱ्यावर सोडायचे नाही.

आमचे तळेगाव खरे म्हणजे काचेचे गाव. १९०८ साली इथे पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळे यांनी गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागितला, टिळकांनी पाठिंबा दिला, आणि त्या पैशापैशांतून कारखाना उभा राहिला. शाळेत मी तो अध्याय अभिमानाने शिकवायचो. पण एकदा मागून झाले की काम भागले, असे ते नव्हते. पैसा दर वर्षी नव्याने मागायचा असे. ही गोष्टही मी कधी नीट सांगितली नाही.

गेल्या आठवड्यात पुतण्या आला होता. कर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. वाकलेल्या पाईपांतून सरळ करता आले तेवढे घेऊन त्याने पाच गुंठ्यांवर शेडनेट केले आहे, त्यात भाजीची रोपे करून विकतो. बाकी शेतात इंद्रायणी भात. चहा घेता घेता त्याने माझी वही चाळली. दुसऱ्या पानावर थांबला. बराच वेळ ते पान वाचत होता. मग म्हणाला, "हे पान तेव्हा असतं ना काका, तर बरं झालं असतं."

रागाने म्हणाला नाही, म्हणूनच जास्त लागले. मी नुसती मान हलवली. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "माझ्या शेडनेटचं असं एक पान करून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे."

ते पान सध्या करतो आहे. त्याला दर विचारतो, तो सांगतो, मी लिहितो. जोडीला पॅक्स्टनची उरलेली गोष्टही सांगून टाकली. या वेळी तो हसला नाही, पण मन लावून ऐकत होता.

कोथिंबीर उगवली आहे. धणे रगडून दोन फाका करून पेरले होते, नवव्या दिवशी कोंब दिसले. सौ. रोज सकाळी जाऊन पाहते आणि अजून तरी काही बोललेली नाही, म्हणजे पसंत असावी.

तुमच्यापैकी कोणी घरी असे काही बांधले असेल तर जरूर कळवा. बांधायला किती खर्च आला तो लिहाच, पण दरसाल किती लागतो तेही लिहा.